आधारचित्र

काळ्याशार अंधारात एक हिरवट रेघ लुकलुकली, तसे दिवाकर लांजेवार खुर्चीत एकदम ताठ झाले.

"दिसली?" हेमांगीने विचारले.

"दिसली जी! उभा दांडा आहे असा. येऊन राहिला, जाऊन राहिला. येऊन राहिला, जाऊन राहिला."

"त्याला कर्सर म्हणतात. तो तुमची वाट बघतोय. तुम्ही काहीतरी लिहाल म्हणून."

"माझी वाट?" लांजेवार हसले. आंधळे झाल्यापासूनच्या अकरा वर्षांत त्यांनी पाहिलेली ती पहिली गोष्ट होती.

नागपूरच्या त्या संशोधन केंद्रात हेमांगी कोलतेचे पद 'प्रारंभ-मार्गदर्शक' असे होते. डॉ. फिरदोस इनामदार यांनी तयार केलेले 'दृष्टिजाल' ज्यांच्या मेंदूवर बसवले जाई, त्यांना ते सुरू करायला शिकवणे हे तिचे काम. केसाहून बारीक तारांचे ते जाळे डोक्याच्या मागच्या भागात, जिथे मेंदू पाहण्याचे काम करतो तिथे, पसरलेले असे. चष्म्याच्या दांडीत कॅमेरा, कानामागे सुपारीएवढा संगणक. त्या संगणकातली प्रणाली जुन्या घराण्यातली होती. आधी फक्त अक्षरे. चित्रे हवी असतील तर मालकाने स्वतः आज्ञा लिहून मागायची. ही प्रणाली मुद्दामच निवडली होती. चित्रांचा थर कोसळला तरी खाली अक्षरांचा थर जिवंत राहतो आणि माणूस एकदम अंधारात फेकला जात नाही. शिवाय मालकाशिवाय दुसऱ्या कोणालाही तो चित्रांचा थर सुरू करण्याची परवानगी नव्हती. कोणाच्या डोक्यात बाहेरून चित्रे सोडता येऊ नयेत, यावर डॉ. इनामदार ठाम होत्या.

लांजेवारांचे वर्ध्याला सायकलींचे दुकान होते. संगणकाशी त्यांचा कधी फारसा संबंध आला नव्हता. मांडीवरच्या कळफलकावर ते एकेक कळ चाचपून दाबत.

"'मीकोण' असं लिहा. मध्ये जागा सोडू नका. मग मोठी कळ दाबा."

अंधारात हिरव्या अक्षरांत उत्तर उमटले: दिवाकर.

"आता बाप्पा! याले माहीत आहे मी कोण ते!"

"आता 'कुठे' लिहा."

"'घर, दिवाकर' म्हणते. म्हणजे मी घरी आहे?"

"हो. त्या संगणकात तुमच्या नावाचं एक घर आहे. तुम्ही नेहमी तिथूनच सुरुवात करायची."

पहिल्या आठवड्यात ते वारंवार चुकले. एखादे अक्षर इकडचे तिकडे झाले की 'अशी आज्ञा नाही' असे उत्तर येई आणि लांजेवार खजील होत. "रागावला का जी तो?" असे विचारत. हेमांगी सांगे, "त्याला राग येत नाही काका. त्याला अंदाज बांधता येत नाही, एवढंच. तुम्ही जे लिहाल तेच तो करतो, मनातलं ओळखत नाही." हळूहळू त्यांची बोटे सरावली. कॅमेऱ्यासमोर धरलेल्या पाटीवरची अक्षरे ते वाचू लागले. बायकोने, कुंदाताईंनी, एके दिवशी पाटीवर 'चहा घेता का' असे लिहून धरले, तेव्हा त्यांनी ते मोठ्याने वाचले आणि पाटी हातात घेऊन पुन्हा एकदा वाचले.

पण ते केवळ अक्षरांसाठी आलेले नव्हते.

ज्या दिवशी त्यांनी 'दृश्य' ही आज्ञा पहिल्यांदा लिहिली, त्या दिवशी उत्तर आले: परवानगी नाही. हेमांगीने त्यांना त्यांचे नाव चित्रवाल्यांच्या गटात घालायला शिकवले. त्यांनी पुन्हा आज्ञा दिली. या वेळी उत्तर आले: आधारचित्र सापडले नाही.

"हे काय आता?"

"हे मॅडम सांगतील," हेमांगी म्हणाली. हा टप्पा प्रत्येकाच्या वाटेत येई आणि तो समजावण्याचा हक्क डॉ. इनामदारांनी स्वतःकडे ठेवला होता.

डॉ. इनामदार आल्या, खुर्ची ओढून समोर बसल्या. कुंदाताईही पदराशी चाळा करत ऐकत होत्या.

"लांजेवार, अक्षरं मोजकी असतात. प्रत्येक अक्षरासाठी कुठल्या तारा पेटवायच्या हे आम्ही आधीच ठरवून ठेवू शकतो. चित्रांचं तसं नाही. चित्रं अनंत आहेत, आणि तुमचा मेंदू आतल्या आत स्वतःची चित्रं काढतच असतो. त्यात आमच्या यंत्रानं आपली चित्रं ओतली तर नुसता गोंधळ. म्हणून आम्ही सांगतो, एक चित्र मनात धरा. अगदी स्थिर. त्या वेळी मेंदूची जी स्थिती असेल, तिला यंत्र शून्य मानतं. वाण्याचा वजनकाटा असतो ना? रिकामी पिशवी ठेवून आधी काटा शून्यावर आणायचा, मग माल घालायचा. तसं. त्यानंतर कॅमेऱ्यासमोर जे येईल, ते त्या आधारचित्राहून किती वेगळं आहे तेवढंच यंत्र मेंदूला कळवतं."

"आणि ते धरलेलं चित्र?" कुंदाताईंनी विचारले. "त्याचं काय होते?"

डॉ. इनामदारांनी त्यांच्याकडे कौतुकाने पाहिले. हा प्रश्न फार थोडे लोक विचारत.

"ते वजा होतं. त्या चित्राचा स्वतःशीच फरक शून्य, म्हणून मेंदूला काहीच कळवलं जात नाही. ती वस्तू समोर आली तरी तिच्या जागी करडं, रिकामं दिसतं. आणि मनातूनही ते चित्र जातं, कारण त्याची जागा यंत्राने घेतलेली असते. म्हणून आम्ही साधी वस्तू निवडायला सांगतो. कोणी तांब्या निवडतं, कोणी पोळपाट. आयुष्यात एक तांब्या दिसला नाही तर काय बिघडतं?"

"मग मी पंप धरतो. हवा भरायचा," लांजेवार म्हणाले.

पण पंप ठरेना. हेमांगीच्या पडद्यावर स्थिरतेची एक रेघ दिसे. आत कोणते चित्र आहे हे यंत्राला कळत नसे. ते हलते आहे की थांबले आहे, एवढेच कळे. रेघ वेडीवाकडी नाचत होती. पंप झाला, सायकलचे चाक झाले, दुकानाची पाटी झाली, गावचे मारुतीचे देऊळ झाले. प्रत्येक वेळी उत्तर तेच: आधारचित्र अस्थिर.

"पुसट झालं सारं," लांजेवार थकून म्हणाले. "चाक म्हटलं की चाक हा शब्दच येते. चाक येत नाही."

त्यांनी मान मागे टेकवली. आणि अचानक हेमांगीच्या पडद्यावरची रेघ सरळ झाली. ताणलेल्या दोरीसारखी सरळ.

"काका! हेच! आता काय धरलंत तुम्ही?"

लांजेवारांनी चष्मा काढून ठेवला. "ते नाही जी," ते म्हणाले. "ते द्यायचं नाही."

तो सुमेध होता. त्यांचा मुलगा. अकरा वर्षांपूर्वी मेंदूज्वराने बाप आणि लेक एकाच आठवड्यात अंथरुणाला खिळले होते. बाप शुद्धीवर आला तेव्हा त्याचे डोळे गेलेले होते आणि सात वर्षांच्या सुमेधवर अंत्यसंस्कार होऊन गेले होते. कुंदाताईंना तेव्हा पाचवा महिना होता. नंतर रेवती झाली. लांजेवारांनी सुमेधला मेलेले पाहिलेच नाही. त्यांच्या मनात तो दुकानाच्या पायरीवर बसून हसत होता, आणि असा एकही दिवस गेला नव्हता की त्यांनी त्याला आठवले नाही.

हेमांगीने डॉ. इनामदारांना गाठले. "बाकीचं सगळं पुसट आणि हे एकच चित्र इतकं ठळक कसं?"

"कारण आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नसतो. आठवताना मेंदू ते चित्र दर वेळी नव्याने काढतो. जे काढलंच नाही ते विरून जातं. जे रोज काढलं जातं ते ताजं राहतं." डॉक्टर थांबल्या. "दुसरं चित्र मिळेपर्यंत थांबता आलं असतं तर थांबले असते. पण ज्या तारा वापरात येत नाहीत त्यांच्याभोवती मेंदू पुटं चढवतो. अक्षरांना थोड्याच तारा लागतात. बाकीच्या आता बुजायला लागल्यात. सुरू करायचं तर या महिन्यात. आणि एकदा केलं की बदलता येणार नाही. काही तासांतच मेंदू त्या शून्याभोवती बसतो. मग ते शून्य हलवायचं म्हणजे सगळंच उखडायचं."

लांजेवारांनी सामान बांधायला सांगितले. अक्षरे मिळाली तेवढी पुष्कळ झाली, असे म्हणाले. कुंदाताईंनी एका शब्दानेही आग्रह केला नाही. बोलली ती रेवती. शनिवारी ती मावशीबरोबर बापाला भेटायला आली होती. तिला कोणी काही सांगितले नव्हते, पण घरात कुजबुजून बोललेले मुलांच्या कानावर जातेच. हेमांगी दारातच उभी होती म्हणून तिने ते ऐकले.

"बाबा, तुम्हाले दादाचा चेहरा माहीत आहे ना?"

"हो बेटा."

"माझा नाही माहीत."

त्या बोलण्यात तक्रार नव्हती. शाळेत आज गणिताचा तास झाला नाही, असे सांगावे तसे ती बोलली आणि पिशवीतली संत्री काढून सोलायला बसली.

सोमवारी सकाळी लांजेवार स्वतःहून प्रयोगशाळेत आले. "हेमांगीताई, चालू करू," ते म्हणाले. आजवर ते तिला मॅडम म्हणत आले होते. "गेलेल्याजवळ किती दिवस बसू? तो समजून घेईन. लई समजदार होता."

"काका, पुन्हा एकदा विचार..."

"रात्री त्याच्याशी बोललो सारं. आता विचार नका करायला लावू."

त्यांची एकच अट होती. पहिले काही तास दृश्य धुरकट असते हे त्यांना सांगितलेले होते. रेवतीला धुरकट पाहण्याची त्यांची तयारी नव्हती. तिला सकाळची शाळा सुटल्यावर, सगळे स्वच्छ झाल्यावर आणायचे.

त्यांनी आज्ञा लिहिली. मोठी कळ दाबण्यापूर्वी बराच वेळ बोट तिच्यावर नुसते टेकलेले होते. मग रेघ सरळ झाली. पडद्यावर 'आधारचित्र स्थिर' असे आले, आणि कळ दाबल्याचा आवाज झाला.

"गेला," लांजेवार म्हणाले. "आत्ता होता. पायरीवरच होता." त्यांनी दोन्ही हातांनी डोके धरले. कुंदाताई त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्याही रडत होत्या, पण आवाज होऊ देत नव्हत्या.

मग हळूहळू करडेपणात उजेड शिरला. खिडकीचा चौकोन आला. चौकोनात काहीतरी हिरवे हलले.

"झाड?"

"कडुनिंब आहे," हेमांगी म्हणाली.

त्यांनी मान वळवली. कुंदाताईंकडे ते पाहतच राहिले. "केस पिकले तुझे."

"तुमचे काय काळे राहिले?" कुंदाताई म्हणाल्या आणि रडता रडता हसल्या.

दुपारभर हेमांगीने त्यांना 'दृश्यमंच' शिकवला. दृश्याच्या कोपऱ्यात छोटी चिन्हे होती: घड्याळ, भिंग, अक्षरांची खिडकी. नजर एखाद्या चिन्हावर रोखली की ते उघडे. नवशिक्यांकडून होतात त्या सगळ्या चुका लांजेवारांकडून झाल्या. त्यांनी भिंग इतके मोठे केले की कुंदाताईंच्या साडीचा एकच टाका सगळीकडे पसरला. एकदा चुकून सगळेच मिटवले आणि "गेलं! सारं गेलं!" म्हणून ओरडले. हेमांगीने त्यांचा हात धरला. "काही गेलेलं नाही. खाली अक्षरं आहेत बघा. 'दृश्य' लिहा. एकदा शून्य ठरलं की पुन्हा विचारत नाही." त्यांनी लिहिले आणि खिडकी, झाड, बायको, सगळे परत आले. त्यानंतर त्यांची भीती मोडली. रंगांची नावे ते पुन्हा पुन्हा विचारत होते.

तीनच्या सुमारास डॉ. इनामदार आल्या. आधारचित्र नीट वजा झाले आहे की नाही हे तपासावे लागे. इतरांच्या वेळी त्या तांब्या पुढे धरत. आज त्यांना ते जड जात होते.

"कुंदाताई, सुमेधचा फोटो आहे ना तुमच्याजवळ? एकदाच. त्यांना काही दिसणार नाही, तेवढं नोंदवायचं आहे."

कुंदाताईंनी पर्समधून फोटो काढला आणि नवऱ्यासमोर धरला. तो धरताना त्यांनी स्वतःची मान वळवून घेतली.

लांजेवार पुढे झुकले. "पोट्टा आहे एक," ते म्हणाले. "निळा शर्ट. समोरचा दात पडला आहे. हासून राहिला."

कुंदाताई किंचाळल्याच. "दिसून राहिला तुम्हाले? अहो, दिसून राहिला? मॅडम, नाही गेला! माझा सुमेध नाही गेला!"

"सुमेध?" लांजेवारांनी फोटो हातात घेतला, चष्म्याजवळ नेला, भिंग मोठे केले. "नाही. हा सुमेध नाही."

"असं काय करता? याच्या वाढदिवसाचा फोटो आहे. तुम्हीच काढलेला."

"नाही कुंदा. कसा होता ते मले आता सांगता येत नाही, ते गेलं. पण हा नव्हता. याले मी ओळखत नाही."

हेमांगी आनंदली होती, ती तशीच थबकली. तिने डॉक्टरांकडे पाहिले. डॉ. इनामदारांचा चेहरा पांढरा पडला होता. लांजेवारांनी कोणता तरी चेहरा धरला होता. रेघ सरळ होती. काहीतरी नक्की वजा झाले होते. सुमेध फोटोत दिसत होता, म्हणजे वजा झाला तो सुमेध नव्हता.

"कुंदाताई," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या, "रेवती कशी आहे, हे यांना आजवर कसं कळायचं?"

"हातानं. रोज तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवतात. तान्ही होती तेव्हापासून."

डॉक्टरांनी डोळे मिटले. हेमांगीलाही कळले, आणि कळू नये असे वाटत असतानाच सगळे एकापुढे एक उलगडत गेले. मेंदू दर वेळी चित्र नव्याने काढतो. अकरा वर्षे या माणसाने रोज मुलाचा चेहरा आठवला होता, आणि रोज त्याच्या बोटांखाली एक जिवंत चेहरा होता: तेच घराण्याचे नाक, तशीच हनुवटी. दर वेळी काढताना त्या चेहऱ्याचे थोडे थोडे आठवणीतल्या चेहऱ्यात मिसळत गेले. पायरीवर बसून हसणारा मुलगा केव्हाच निघून गेला होता. त्याच्या जागी बसलेल्या मुलीला बाप सुमेध म्हणत होता.

"रेवतीला थांबवा," हेमांगी म्हणाली आणि दाराकडे धावली. पण दार उघडले होते.

रेवती शाळेच्या गणवेशातच आली होती. मावशीने वाटेत तिच्या वेण्या नव्याने घातलेल्या दिसत होत्या, लाल रिबिनी बांधून. ती दारातून दोन पावले आत आली आणि लाजून उभी राहिली.

लांजेवार तिच्याकडे पाहत होते. लाल रिबिनी त्यांना दिसल्या. वेण्या दिसल्या, गणवेशाची कॉलर दिसली, पिशवीचा पट्टा पकडलेली बारीक बोटे दिसली. रिबिनींच्या मधोमध करडे, रिकामे काहीतरी होते.

"बेटा, जरा उजेडात ये," ते म्हणाले.

ती खिडकीपाशी आली.

"तोंड वर कर."

"वरच आहे बाबा."

लांजेवारांनी फोटोकडे पाहिले, मग डॉक्टरांकडे. कुंदाताईंना डॉक्टरांनी काय विचारले होते आणि त्यांनी काय उत्तर दिले होते, ते त्यांनी ऐकले होते. अकरा वर्षे कानांवर जगलेल्या माणसाला खोलीतली शांतताही ऐकू येते. त्यांना आणखी काही समजावून सांगण्याची गरज पडली नाही. फोटो त्यांच्या मांडीवर पडला.

"बाबा," रेवतीने विचारले, "दिसले का मी?"

डॉ. इनामदार काही बोलायला पुढे झाल्या. लांजेवारांनी हात वर करून त्यांना थांबवले.

"दिसली!" ते म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्या शब्दाला फाटला, मग त्यांनी तो सावरला. "दिसली ना! केवढी मोठी झाली माझी पोट्टी. आईवर गेली आहे. लाल रिबिनी कशा शोभून राहिल्या तुले."

रेवतीच्या डोळ्यांतून घळघळ पाणी वाहत होते. ते गालांवरून ओघळून कॉलरवर पडत होते. आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला होता आणि तिला हुंदका आवरत नव्हता. तो दाबायला तिने खालचा ओठ दातांत धरला होता. खोलीतल्या प्रत्येकाला ते दिसत होते.

"अशीच राहा," लांजेवार तिच्याकडे पाहत प्रेमाने म्हणाले. "किती छान हासतेस गं तू."

रेवतीचे रडणे जागच्या जागी थांबले. तिने आईकडे पाहिले. आईने मान खाली घातली. तिने हेमांगीकडे पाहिले, आणि हेमांगीलाही त्या नजरेला नजर देता आली नाही. मग तिने बाहीने दोन्ही गाल पुसले. बापासमोर, अगदी जवळ जाऊन उभी राहिली, आणि आवाजात जेवढे हसू आणता येईल तेवढे आणून म्हणाली,

"हो बाबा. सगळे असंच म्हणतात."